युवराजांचं वजन

४ सप्टेंबर

फळीवाले,

फोन केला नाही म्हणून रुसू नकोस. धुलाईच्या यंत्रांपाशी जन्म गेला आणि त्यात माझे कान गेले. फोनवर तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी काय बोलते ते अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. म्हणून हे पत्र.

आज एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशातून वर्तमानपत्राची घडी निघाली. कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसे तपासायचे, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. घडी उलगडली तर अर्धं पान तुमच्या समुद्राचं! तुमच्या सर्फिंग मंडळाला पन्नास वर्षं होतायत म्हणे. नोव्हेंबरात सोहळा आहे, आणि ज्यांनी ज्यांनी हा खेळ तिथे रुजवला त्यांच्या फोटोंची भिंत केली आहे. भिंतीचा फोटोही छापलाय. मी चष्म्यावर भिंग धरून एकेक चेहरा बघितला. माझा धाकटा कुठेच नाही. आणि मधोमध, ताटाएवढ्या चौकटीत, बत्तीशी दाखवत कोण? युवराज! पन्नाशी उलटली तरी मेला युवराजच. याचा राज्याभिषेक कधी व्हायचा?

अगं, माझ्या भावाने फळ्या घडवल्या नसत्या तर हा उभा कशावर राहिला असता? ज्या ज्या दिवशी त्याला बक्षीस मिळालं, त्या त्या दिवशी त्याच्या पायाखाली धाकट्याच्या हातचं काम होतं. आणि त्याच माणसाने धाकट्याच्या लाटेत घुसून त्याचा जीव घेतला. वर काठावर येऊन जगाला सांगितलं की तोच माझ्या वाटेत आला. चोराच्या उलट्या बोंबा! अकरा वर्षं झाली, अजून माझ्या पोटातली आग विझलेली नाही.

तू तिथे आहेस, माझ्या भावाचं दुकान चालवतेस, रोज त्या भिंतीवरून जातेस. तू काय करणार आहेस ते सांग. मूग गिळून बसणार असशील तर तेही स्पष्ट लिही.

तुझी नणंद


१२ सप्टेंबर

वन्सं, नमस्कार.

पत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, पाकीट जरा गरमच लागतंय.

भिंत मी बघितली आहे. पहिला फोटो दीपगृहाच्या रखवालदाराचा. हा गडी कपाटाचं दार उचकटून पाण्यात शिरला आणि त्यावर पालथा पडून लाटेबरोबर काठाला आला. त्याची बायको किनाऱ्यावरून ओरडत होती, आधी दार आणा, मग काय बुडायचं ते बुडा. आमच्याकडचं सर्फिंग असं सुरू झालं. त्याच्यानंतर लाकडी बोर्डवाले, ज्यांचा एकेक बोर्ड उचलायला दोन माणसं लागायची. मग फोमचे बोर्ड आले. आणि इथली लाट उतावळी, एकदम उभी राहते, तिच्यासाठी पोटाशी भरलेला आणि शेपटीशी निमुळता बोर्ड ह्यांनी पहिल्यांदा घडवला. आज पाण्यात दिसतो तो प्रत्येक बोर्ड त्याचीच नक्कल आहे. बोर्ड भिंतीवर आहे, वन्सं. युवराजच्या काखेत. घडवणारा नाही.

मी मंडळाच्या चिटणीसांना विचारलं. ते स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाले, "वहिनी, नियम आहे. दुसऱ्याची लाट कापणाऱ्याला भिंतीवर जागा नाही."

तुम्हाला हे पूर्वी कोणी नीट सांगितलं नसेल. लाट जिथे पहिल्यांदा फुटते तिथे जो सगळ्यात जवळ असतो, लाट त्याची. बाकीच्यांनी हात आवरायचे. आमच्याकडे यापेक्षा मोठा कायदा नाही. त्या सकाळी पाण्यात दोघेच होते आणि ऊन समोरून डोळ्यांवर होतं, काठावरून कोणाला काही दिसलं नाही. मग जो जिवंत परत आला त्याचंच खरं धरलं गेलं. इथे लोक ह्यांच्याबद्दल वाईट बोलत नाहीत, पण हळहळताना "चूक झाली बिचाऱ्याची" म्हणतात. ते "बिचाऱ्याची" मला शिवीपेक्षा जास्त लागतं.

आता पुढचं बसून वाचा. परवा युवराज दुकानात आला होता. बरोबर चिटणीस आणि मंडळाचे चारपाच जण. सोहळ्यात जुन्या लोकांना लाटेवर उतरवणार आहेत. तो ऐन भरात असताना त्याचा जो बोर्ड होता ना, तसाच त्याला हवा आहे, आणि ह्यांचं माप ह्यांच्या पश्चात फक्त माझ्या हातात आहे. मी नेहमीप्रमाणे उंची विचारली, वजन विचारलं. "बहात्तर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि पोटावर थाप मारली. "तेव्हाही बहात्तर, आताही बहात्तर."

मी काम घेतलं.

तुमची वहिनी


१७ सप्टेंबर

फळीवाले,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

पत्र वाचलं आणि हातातली इस्त्री तशीच राहिली. एका साहेबाच्या पांढऱ्या शर्टावर आता तिचा ठसा आहे. त्याला मी सांगितलं, माझ्या भावजयीला जाऊन विचार.

ज्याने नवरा घेतला त्याच्यासाठी तू फळी करणार? नवऱ्याच्याच मापाची? का? तो हसून बोलला म्हणून? चारचौघांना घेऊन आला म्हणून? माझी आई म्हणायची, साप लहान असला तरी लहान म्हणू नये. हा तर मोठा आहे आणि तू त्याला दूध पाजते आहेस.

बरं. घेतलंस ना काम, मग आता माझं ऐक. फळी दे, पण अशी दे की भर पाण्यात मधोमध मोडेल. तुला यातलं सगळं कळतं. आतून चीर ठेव, वरून छान रंग लाव. सगळ्या जगासमोर मोडू दे. त्याचं काय व्हायचं ते होऊ दे. पाण्यानेच घेतलं, पाण्यानेच फेडायचं.

पाप लागलं तर मला लागेल. मी लिहून देते.

तुझी नणंद


२९ सप्टेंबर

वन्सं, नमस्कार.

बोर्ड अर्धा झालाय. फोमचा ठोकळा घोडीवर ठेवला की मी दार लावून घेते. खोलीच्या दोन्ही भिंतींना कमरेच्या उंचीवर ट्यूबलाइट आहेत, ह्यांनीच बसवलेल्या. उजेड आडवा पडतो, मग रंधा जरा जरी वाकडा गेला तरी तिथे सावली दिसते. हे म्हणायचे, डोक्यावरचा दिवा सगळ्यांना सुंदर दाखवतो, बाजूचा खरं सांगतो. नाकातोंडात पांढरा भुगा जातो, संध्याकाळी आरशात मी तुमच्यापेक्षा म्हातारी दिसते.

तुमची चीर मी ठेवणार नाही. रागावू नका, ऐका. तुटलेला बोर्ड मालकालाच लागतो असं नाही. अर्धा तुकडा लाटेबरोबर सुटतो आणि मागच्या माणसाच्या तोंडावर जातो. एका माणसाचं फुटलेलं डोकं मी मांडीवर घेतलेलं आहे. दुसऱ्या कोणाच्या बायकोला ते बघायला लावण्यासाठी मी हातात रंधा धरलेला नाही. आणि दारावर पाटी ह्यांच्या नावाची आहे. या दुकानातून खोट असलेला बोर्ड कधी बाहेर गेला नाही, हाही जाणार नाही.

युवराजने मागितलाय तसाच बोर्ड त्याला मिळेल. कमी नाही, जास्त नाही. बाकीचं आता विचारू नका. माझ्यावर भरवसा ठेवा, एवढंच.

गेल्या आठवड्यात तो बघायला आला होता. मला म्हणाला, "जुनं विसरलीस हे बरं केलंस." मी पॉलिश पेपर फिरवत राहिले.

तुमची वहिनी


६ ऑक्टोबर

बाई,

समजलं सगळं.

तुला तिथे राहायचंय, तिथेच बोर्ड विकायचेत. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं? तुझंही बरोबरच आहे. शहाण्या बाईने असंच वागावं. भरवसा ठेवा म्हणतेस. भरवसा मी भावावर ठेवला होता, तो गेला. आता उरलासुरला कोणावर ठेवायचा ते मी बघेन.

"जुनं विसरलीस हे बरं केलंस." तो असं म्हणाला आणि तू पॉलिश पेपर फिरवत राहिलीस, आणि हे मला कळवायलाही तुला लाज वाटली नाही. तो कागद त्याच्या तोंडावरून का नाही फिरवलास?

माझा भाऊ एकदाच मेला अशी माझी समजूत होती. आता कळलं की तो दुसऱ्यांदा तुझ्या दुकानात मेला.

यापुढे तुझं पाकीट आलं तर न उघडता परत पाठवीन. फळी छान चमकव.


१० नोव्हेंबर

वन्सं, नमस्कार.

पाकीट तुम्ही परत पाठवाल, म्हणून ह्यांचा लोकरीचा कोट धुवायला पाठवला आहे. हे पत्र त्याच्या आतल्या खिशात आहे. धंद्याचा नियम तुम्ही रागातही मोडणार नाही, हे मला माहीत आहे.

परवा सोहळा झाला. किनाऱ्यावर मंडप, कर्णे, पताका, मुंगीला शिरायला जागा नाही. युवराज नवा बोर्ड काखेत मारून फोटो काढून घेत होता. बोर्ड मी खरंच चमकवला होता. पांढरा शुभ्र, काठाला निळी रेघ. जुने लोक येऊन त्यावरून हात फिरवून जात होते, त्यातल्या दोघांचे डोळे भरून आले.

मग जुनी मंडळी पाण्यात उतरली. आमचे दातांचे डॉक्टर सगळ्यांत वयस्कर, त्यांना गुडघ्याला पट्टा बांधावा लागतो, पण त्यांनी पहिली लाट घेतली आणि उभे राहून काठापर्यंत आले. लोकांनी टाळ्या पिटल्या. युवराज बोर्डावर पालथा पडून हात मारत होता आणि बोर्ड त्याच्याखाली पाण्यात बुडालेला. छातीपर्यंत पाणी. लाट आली, त्याच्या खालून निघून गेली. दुसरी आली, तीही गेली. कर्ण्यावर निवेदक सांगत होता, "युवराज लाटेचा अंदाज घेत आहेत." चौथ्या लाटेलाही युवराज अंदाजच घेत होते. लोक खुदखुदायला लागले. शेवटी एकदा तो कसाबसा उभा राहिला, बोर्डाचं नाक पाण्यात घुसलं आणि स्वारी डोक्यावरून पलीकडे गेली. पाय तेवढे वर दिसले.

तो बाहेर आला तो थेट माझ्या दुकानात. मागून सगळी जत्रा. बोर्ड दारात आपटून ओरडला, "यात खोट आहे! हिने माझ्यावर सूड उगवला!"

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही बघा." डॉक्टरांनी बोर्ड घोडीवर ठेवला, ट्यूबलाइट लावल्या, एक डोळा मिटून शेपटीकडून नाकापर्यंत नजर टाकली, फिरवून पुन्हा टाकली. म्हणाले, "बहात्तर किलोच्या माणसासाठी याच्याहून चांगला बोर्ड मी जन्मात पाहिलेला नाही."

आता तुम्हाला सांगते, वन्सं, जे मी दोन महिने पोटात ठेवलं. गिऱ्हाईक वजन खरं सांगत नाही. कोणीच नाही. बोर्डाचं सगळं गणित वजनावर असतं आणि सगळे पंधरावीस वर्षांपूर्वीचं वजन सांगतात. ह्यांनी कधी कोणाला खोटं पाडलं नाही. आमच्या दारातली एक लाकडी फळी ढिली आहे. माणूस आत येताना ती किती दबते यावरून हे ओळखायचे आणि गुपचूप तेवढा फोम ठेवायचे. "गिऱ्हाइकाचं खोटं बोर्डाच्या पोटात घालायचं," म्हणायचे. गिऱ्हाईक खूश, अजून आपण तसेच आहोत म्हणून. युवराजचं खोटं तर ह्यांनी किती वर्षं पोटात घातलं. त्या माणसाला वाटत होतं ही सगळी त्याचीच कमाल.

या वेळी मी घातलं नाही. एवढंच केलं. त्याने जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवला.

शेजारी मासळीचं गोदाम आहे, तिथे पेट्या तोलायचा मोठा काटा असतो. मी म्हटलं, "चला युवराज, एकदा चढून दाखवा. बहात्तर भरले तर बोर्ड मीच कुऱ्हाडीने फोडते." त्याने नको म्हणायला हवं होतं. पण इतके लोक बघत होते, आणि अभिमान कुठे गप्प बसू देतो? चढला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काटा जो सुटला तो ब्याण्णववर जाऊन थांबला. मासळीवालीने सवयीने ओरडून सांगितलं, "ब्याण्णव! पुढची पेटी!"

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मी हसले नाही. हसू थांबल्यावर म्हटलं, "ज्याला स्वतःचं वजन खरं सांगवत नाही, त्याने लाट कोणाची होती ते सांगितलं आणि तुम्ही सगळ्यांनी ते अकरा वर्षं खरं मानलंत."

चिटणीस पुन्हा चपलांकडे बघायला लागले.

कोटाचं अस्तर काखेत उसवलंय, सांभाळून धुवा.

तुमची वहिनी


१५ नोव्हेंबर

फळीवाले, अगं फळीवाले!

खिसा आधी रिकामा केला. पत्र दुकानातच उभ्याने वाचलं. मासळीच्या काट्यापर्यंत आले आणि असं हसू फुटलं की माझ्याकडची कामवाली पाण्याचा पेला घेऊन धावत आली. तिला वाचून दाखवलं. मग दोन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. माझा आवाज तुला माहीत आहे, म्हणजे आता आमच्या गल्लीत सगळ्यांना युवराजांचं वजन ठाऊक आहे. ब्याण्णव! पुढची पेटी! त्या मासळीवालीला माझ्याकडून एक साडी फुकट धुऊन मिळेल, सांग तिला.

हसून झाल्यावर रडले. धाकट्याने त्याचं खोटं इतकी वर्षं पोटात घातलं आणि त्याने धाकट्याचं खरं पाण्यात घातलं.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते लिहिलं. परत घेता येत नाही. शाईचा डाग आमच्याकडेही निघत नाही. पण कोटाचं अस्तर मी स्वतः बसून शिवलंय, डोळ्यांना नीट दिसत नसताना. त्यावरून काय समजायचं ते समज.

आता पुढचं. हसं झालं, छान झालं. पण हशाने माझा भाऊ भिंतीवर येतो का? लोकांना शंका आली, एवढंच ना? शंकेला चौकट लावून भिंतीवर टांगता येत नाही. त्याच्या तोंडून वदवून घे. लोखंड गरम आहे तोवर घण घाल. दया आली तर माझं तोंड आठव.

तुझी नणंद


३ डिसेंबर

वन्सं, नमस्कार.

कोट मिळाला. अस्तराचे टाके वेडेवाकडे आहेत. मी तो रोज घालते.

घण घालावाच लागला नाही, लोखंड स्वतः चालत आलं. सोहळ्यानंतर इथे कोणी युवराजला युवराज म्हणत नाही. "बहात्तर" म्हणतात. तो पाण्यात आला की शाळेतली पोरंसुद्धा त्याला लाट सोडत नाहीत. पूर्वी त्याला बघून सगळे बाजूला व्हायचे. पंधरा दिवस त्याने काढले, मग एका दुपारी दुकानात आला. एकटा. दारातली ढिली फळी दबली, मी वर न बघता ओळखलं.

म्हणाला, "मी सांगून टाकतो. एक कार्यक्रम ठेवू. पत्रकार बोलावतो, भाषणात सगळं सांगतो. माझंही मन हलकं होईल." म्हणजे यातही त्याला मंडप हवा, कर्णे हवेत! मी म्हटलं, "भाषण नको. जिथे झालं तिथे सांगायचं. पाण्यात, सगळे लाटेची वाट बघत बसलेले असताना." तो लगेच हो म्हणाला. हे त्याला सोपं वाटलं.

रविवारी सकाळी गेलो. ह्यांचा जुना बोर्ड माळ्यावरून काढून मीही उतरले. ह्यांच्यानंतर पहिल्यांदाच. पाण्यात वीसेक जण बोर्डांवर पाय सोडून बसले होते. दातांचे डॉक्टर होते, चिटणीस होते. युवराज मध्ये आला. आधी जरा इकडचंतिकडचं बोलला. मग म्हणाला, "लाट त्याची होती. तो मला दिसत होता. मला वाटलं थांबेल. माझ्यासाठी सगळेच थांबायचे." 

वन्सं, मला हे माझ्या कानांनी ऐकायचं होतं. ऐकलं. समुद्र तसाच हलत होता. चिटणिसांना बघायला चपला नव्हत्या, म्हणून त्यांना माझ्याकडेच बघावं लागलं.

मग डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाहेर हो."

हा आमचा जुना रिवाज. ज्याने दुसऱ्याची लाट कापली, त्याने चूक कबूल केली की पाण्यातून बाहेर निघायचं आणि काठावर बसायचं. ज्याची लाट कापली त्याने हात करून बोलावलं, तरच परत आत यायचं. रोज घडतं. चारदोन लाटा होतात, मग समोरचा हसून हात करतो, प्रकरण संपतं. युवराजला हा नियम तोंडपाठ आहे, नव्या पोरांना तोच शिकवायचा. पण स्वतः आयुष्यात कधी कोणासाठी बाहेर निघालेला नाही. म्हणून कबूल करताना पुढचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. तो काठाकडे वळला, थोडा गेला, आणि मग थांबला. मागे वळून एकेकाचं तोंड बघायला लागला. तेव्हा त्याला कळलं की हात करणारा माणूस नाही.

तो गेला. त्या दिवसापासून रोज सकाळी येतो, पायऱ्यांपाशी दगडावर बसतो, दुपारी उठून जातो. दुसऱ्या किनाऱ्यावर जायची सोय नाही, बातमी त्याच्या आधी पोचते. 

ह्यांचा फोटो लागला. चिटणिसांनी स्वतः खिळा ठोकला आणि अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. रखवालदाराच्या शेजारी, घोडीपाशी उभे आहेत, केसांत फोमचा भुगा. तुम्ही आलात की दाखवीन.

आता या पत्राचं खरं कारण लिहिते. लोक म्हणतात, बायको म्हणून मी हात करावा, नियमाला धरून होईल. डॉक्टरही म्हणाले, तुझी मर्जी. काल थंडी होती, तो टॉवेल पांघरून बसला होता, आणि त्याच्यासमोरून जाताना मला माझा राग शोधावा लागला. इतकी वर्षं तो कसा हाताशी असायचा. तो सापडेपर्यंत मी पुढे निघून गेले होते. 

मला एकटीने ठरवायचं नाही. तुम्ही रक्ताच्या. तुम्ही हो म्हणालात तर उद्या हात करते, नाही म्हणालात तर नाही.

तुमची वहिनी


११ डिसेंबर

फळीवाले,

नाही.

लगेच लिहिणार होते, पण म्हटलं चार दिवस जाऊ दे, रागाच्या भरात नको. चार दिवस गेले. रागाच्या भरात नाही, पोटभर जेवून, दुपारची झोप काढून, शांत डोक्याने लिहिते आहे. हात करू नकोस.

तुला राग शोधावा लागतो, तर शोधू नकोस. तू पुष्कळ दिवस बाळगलास, तुला रोज ते पाणी डोळ्यांसमोर होतं. आता तो माझ्याकडे राहू दे. माझ्याकडे दोघींना पुरेल इतका आहे.

अगं, धाकट्याचे केस पिकलेले मला बघायचे होते. मी त्याला चिडवणार होते, त्याने माझ्या कानांवरून मला चिडवलं असतं. ते त्याच्यासाठी सगळे थांबायचे ना? मग आता त्याला थांबू दे. तो म्हातारा होईल. काठावर बसून होऊ दे.

कोणी काही म्हणालं तर माझं नाव सांग. म्हणावं, मी केला असता हात, नणंद नको म्हणाली. वाईटपणा खुशाल माझ्या माथी मार. नणंदांना सवय असते.

आणि तू त्याच्यासमोरून मान खाली घालून जाऊ नकोस. धाकट्याचा बोर्ड घे, रोज सकाळी त्याच्या दगडाजवळूनच पाण्यात उतर, आणि भरपूर लाटा घे.

तुझी नणंद